सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्क किती वेगवान? आधी सांगा, रहदारी कोणती?

क्लाउड सेवेची जाहिरात असो, ५जीची बातमी असो किंवा एखाद्या कंपनीने आपलं नेटवर्क नव्याने उभारल्याची घोषणा असो, 'सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग' हा शब्द त्यात हमखास भेटतो. त्याच्या मागोमाग आकडे येतात: सेकंदाला इतके लाख निर्णय, इतके गिगाबिट, इतका कमी विलंब. आकडे मोठे असतात आणि बहुतेक वेळा खरेही असतात. पण ते कशाचे आकडे आहेत, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

या विषयावरचे विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल मी गेली काही वर्षं वाचतो आहे. मेहनत भरपूर, आलेख सुबक. तरी एका प्रश्नाचं उत्तर त्यांत फार क्वचित सापडतं: चाचणी चालू असताना त्या नेटवर्कमधून नेमकं काय वाहत होतं? हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण माझ्या मते सगळा निकाल त्याच्यावर ठरतो. तेच नेटवर्क, तीच यंत्रं आणि तेच सॉफ्टवेअर ठेवून फक्त रहदारी बदलली, तर उत्तर शेकडो पटींनी बदलू शकतं. असं का होतं, हे अगदी पायापासून पाहू.

## मेंदू एका जागी, हात जागोजाग

इंटरनेटवरून काहीही पाठवलं की त्याचे लहान तुकडे होतात. अशा एका तुकड्याला पॅकेट म्हणतात. साधारणपणे ते दीड हजार बाइटच्या आतलं असतं. वाटेत ठिकठिकाणी स्विच किंवा राउटर नावाची यंत्रं बसलेली असतात. आलेल्या पॅकेटवरचा पत्ता पाहायचा आणि योग्य दाराने ते पुढे ढकलायचं, हे त्यांचं काम.

जुन्या पद्धतीत प्रत्येक यंत्र स्वतःचा विचार स्वतः करतं. शेजारच्या यंत्रांशी बोलतं, रस्त्यांचा अंदाज घेतं आणि आपल्यापुरता निर्णय करतं. चौकाचौकात उभा असलेला वाहतूक पोलीस डोळ्यांसमोर आणा. त्याला आपला चौक दिसतो, शेजारच्या चौकाची खबर मिळते, तेवढ्यावर तो हात दाखवतो. तीन चौक पुढे काय तुंबलंय, ते त्याला उशिराच कळतं.

सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्कमध्ये विचार करण्याचं काम चौकातून काढून एका नियंत्रण कक्षाकडे दिलेलं असतं. या कक्षाला कंट्रोलर म्हणतात. तो एक संगणक असतो, किंवा एकत्र काम करणारे काही संगणक. सगळ्या नेटवर्कचा नकाशा त्याच्यासमोर असतो. स्विचकडे उरतो तो फक्त नियमांचा तक्ता: अमुक पत्त्याचं पॅकेट तिसऱ्या दाराने सोड, तमुक प्रकारचं टाकून दे. विचार करणाऱ्या भागाला कंट्रोल प्लेन आणि पॅकेट ढकलणाऱ्या भागाला डेटा प्लेन अशी नावं आहेत. पुढे मी त्यांना मेंदू आणि हात म्हणणार आहे.

या मांडणीला जोर आला तो २००८ साली. स्टॅनफर्ड विद्यापीठातले निक मॅकिओन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपनफ्लो नावाची भाषा मांडली. मेंदूने हातांना हुकूम द्यायचे ते याच भाषेत. मूळ हेतू साधा होता: विद्यापीठाच्या आवारातल्या चालू नेटवर्कवर संशोधकांना नवे प्रयोग करता यावेत. पाचच वर्षांनी, २०१३ मध्ये, गूगलने आपली जगभरची डेटा सेंटरं जोडणारं बी४ नावाचं नेटवर्क याच तत्त्वावर चालतं, हे सविस्तर जाहीर केलं. एवढी झेप पाहिल्यावर सगळ्या उद्योगाचं लक्ष तिकडे गेलं यात नवल नाही.

## पहिल्या पॅकेटला उशीर का होतो

आता एक शब्द लागेल: फ्लो. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, एकाच कामासाठी, एकामागोमाग जाणाऱ्या पॅकेटांची माळ म्हणजे फ्लो. एक व्हिडिओ पाहणं हा एक मोठा फ्लो. एखाद्या संकेतस्थळाचं नाव शोधायला पाठवलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर हा अगदी छोटा, दोन पॅकेटांत संपणारा फ्लो.

ओपनफ्लोच्या सुरुवातीच्या पद्धतीत असं होई. नव्या फ्लोचं पहिलं पॅकेट स्विचवर येतं. तक्त्यात त्याच्यासाठी नियम नसतो. स्विच कंट्रोलरला विचारतो, "याचं काय करू?" कंट्रोलर मार्ग ठरवतो आणि वाटेतल्या स्विचांना नियम पाठवतो. ते तक्त्यात लिहिले जातात आणि मग पॅकेट पुढे सरकतं. त्या फ्लोची नंतरची पॅकेटं कोणालाही न विचारता भरधाव जातात, कारण नियम तयार असतो.

म्हणजे एकाच स्विचमध्ये दोन रस्ते आहेत. एक राजमार्ग, नियम असलेल्या पॅकेटांसाठी. आणि एक पायवाट, नियम नसलेल्यांसाठी, जी कंट्रोलरकडे जाऊन परत येते. या दोघांच्या रुंदीत किती फरक असावा? २०११ साली डेव्होफ्लो नावाच्या शोधनिबंधात एचपीच्या एका स्विचचं मोजमाप दिलं होतं. त्या स्विचच्या सगळ्या दारांची मिळून क्षमता होती ३०० गिगाबिट प्रति सेकंद. पण पॅकेटं ढकलणारी चिप आणि कंट्रोलरशी बोलणारा स्विचमधलाच छोटा प्रोसेसर यांच्यातली वाट होती जेमतेम ८० मेगाबिटची, म्हणजे राजमार्गाच्या पावणेचार हजारपट अरुंद. आणि नव्या फ्लोंसाठी नियम लिहिण्याचा त्या स्विचचा वेग? सेकंदाला सुमारे २७५.

पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, दुसऱ्या एका संशोधक गटाने नॉक्स या कंट्रोलरची सुधारलेली आवृत्ती मोजली. आठ कोअरच्या एका संगणकावर तिने सेकंदाला १६ लाख विनंत्या हाताळल्या. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. एक मेंदूचा आहे, दुसरा हाताचा. पण जाहिरातीत १६ लाखांचा आकडा छापला जातो आणि २७५चा कुठेच दिसत नाही. ही मोजमापं जुनी आहेत आणि आजचे स्विच त्यापेक्षा बरेच पुढे गेले आहेत, हे खरं. तरी राजमार्ग आणि पायवाट यांच्या रुंदीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे गणित आजही तसंच आहे.

## इंटरनेटची खरी रहदारी दिसते कशी

मला हा भाग सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो.

१९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणिती आग्नर एरलांग यांनी दाखवून दिलं की फोनचे कॉल यदृच्छेने येतात आणि त्या यदृच्छेलाही एक शिस्त असते. एक माणूस कधी फोन करेल हे सांगता येत नाही, पण हजारो माणसांचे कॉल एकत्र केले की चढ-उतार एकमेकांना बुजवतात आणि रेषा बऱ्यापैकी सपाट होते. त्या सपाट रेषेवर विसंबून जगभरची टेलिफोन एक्स्चेंजं उभी राहिली. संगणकांची नेटवर्कं आली तेव्हा अभियंत्यांनी तेच गणित उचललं.

पण संगणकांची रहदारी त्या गणिताला जुमानत नाही. बेलकोर या अमेरिकन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८९पासून आपल्या स्थानिक नेटवर्कवरची पॅकेटं अतिशय बारकाईने नोंदवली होती. १९९३-९४मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रहदारीचा आलेख सेकंदाच्या शंभराव्या भागात पाहा, एका सेकंदात पाहा किंवा काही मिनिटांत पाहा, तो सारखाच खडबडीत दिसतो. डोंगराळ किनारा दुरून पाहिला तरी दंतुर आणि जवळून पाहिला तरी दंतुर, तसा. जास्त रहदारी एकत्र केली म्हणून तो सपाट होत नाही. त्यानंतर व्हर्न पॅक्सन आणि सॅली फ्लॉइड यांनी दूरच्या पल्ल्याच्या नेटवर्कांवरही टेलिफोनचं जुनं गणित कसं कोसळतं, हे दाखवलं.

यामागचं कारण फ्लोंच्या आकारात आहे. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि ती जमते, कारण एक शीत दुसऱ्यासारखंच असतं. फ्लोंचं तसं नाही. बहुसंख्य फ्लो चिमुकले असतात आणि मोजके फ्लो महाकाय. या क्षेत्रातले लोक त्यांना उंदीर आणि हत्ती म्हणतात. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेटा सेंटरांच्या एका अभ्यासात ८० टक्के फ्लो १० किलोबाइटपेक्षाही लहान निघाले, आणि बाइटांचा मोठा भाग मात्र सर्वांत मोठ्या मूठभर फ्लोंमध्ये होता. संख्येने पाहाल तर सगळीकडे उंदीर आहेत, वजनाने पाहाल तर हत्ती. 'सरासरी फ्लो' नावाचा प्राणी प्रत्यक्षात जवळपास नसतोच.

पॅकेटांच्या आकाराचंही असंच आहे. यंत्रं तपासताना अनेकदा ४०, ५७६ आणि १५०० बाइटची पॅकेटं ७:४:१ या प्रमाणात मिसळतात. या मिश्रणाची सरासरी भरते सुमारे ३४० बाइट. हे मिश्रण कामचलाऊ आहे. तरी सगळी पॅकेटं पूर्ण आकाराची पाठवण्यापेक्षा खूप बरं. का, ते पाहा. तारेवर जाताना पॅकेटाला इथरनेट या पद्धतीचं वेष्टन चढतं. १० गिगाबिटची तार सर्वांत मोठ्या, वेष्टनासह १५१८ बाइटच्या तुकड्यांनी भरली, तर सेकंदाला साधारण ८ लाख १३ हजार तुकडे जातात. तीच तार सर्वांत लहान, ६४ बाइटच्या तुकड्यांनी भरली, तर १ कोटी ४८ लाखांवर. स्विचला निर्णय दर तुकड्याला घ्यावा लागतो, दर बाइटला नाही. म्हणजे 'आम्ही १० गिगाबिट पेलतो' या एकाच वाक्याच्या दोन अर्थांत अठरा पटींचं अंतर आहे.

## नेहमीच्या चाचणीत नेमकं काय निसटतं

नेहमीची चाचणी अशी असते. दोन संगणक घ्यायचे, मध्ये स्विच आणि कंट्रोलर ठेवायचा. आयपर्फ नावाचं साधन चालवायचं. ते एका टोकाकडून दुसरीकडे जमेल तितका डेटा सलग ओततं. मिनिटभराने पडद्यावर आकडा येतो: ९.४ गिगाबिट. अहवालात लिहायचं, 'कार्यक्षमता उत्तम'.

या मिनिटभरात कंट्रोलरला किती वेळा विचारलं गेलं? दहा जोडण्या उघडल्या असतील तर दहाच वेळा, तेही पहिल्या क्षणात. उरलेला सगळा वेळ त्याला काही काम नव्हतं. आपण मोजली ती तार आणि स्विचची चिप. सॉफ्टवेअर-डिफाइन्ड म्हणावं असं त्या मोजमापात जवळपास काहीच आलं नाही.

आता त्याच तारेवर उंदीर सोडू. हिशेबासाठी समजा की एक फ्लो सरासरी २० किलोबाइटचा आहे. १० गिगाबिट म्हणजे सेकंदाला सव्वा अब्ज बाइट. त्याला २० हजारांनी भागलं तर सेकंदाला ६२,५०० नवे फ्लो. तार तीच, गिगाबिट तितकेच. पण आधी मिनिटाला दहा प्रश्न होते, ते आता सेकंदाला साडेबासष्ट हजार झाले. आणि आपला तो २०११ मधला स्विच नियम लिहिणार होता सेकंदाला २७५. तार रिकामी राहील, लोक मात्र खोळंबतील.

## सरासरीने समाधान का होऊ नये

कोणी म्हणेल, ठीक आहे, नवे फ्लो किती येतात याची सरासरी काढा आणि त्याहून थोडा ताकदवान कंट्रोलर घ्या. हिशेब करून पाहू.

कंट्रोलर सेकंदाला ५०,००० विनंत्या हाताळतो. सरासरी ३०,००० येतात. म्हणजे तो ६० टक्केच व्यग्र आहे, निर्धास्त राहायला हरकत नाही असं वाटतं. पण रहदारी खडबडीत असते हे आपण पाहिलं. समजा सेकंदाचा फक्त दहावा भाग विनंत्यांचा लोंढा आला, सेकंदाला दोन लाख या गतीने. तेवढ्यात २०,००० आल्या, कंट्रोलरने ५,००० निपटल्या, १५,००० रांगेत उरल्या. लोंढा ओसरला. आता सेकंदाला ३०,००० येतात आणि ५०,००० निपटतात, म्हणजे रांग सेकंदाला २०,०००नेच कमी होते. ती संपायला पाऊण सेकंद लागेल. दहाव्या भागाच्या लोंढ्याची किंमत साडेसातपट वेळ चुकवावी लागली, आणि रांगेत शेवटी उभ्या असलेल्या पॅकेटाला ०.३ सेकंद ताटकळावं लागलं. एरवी जे काम काही हजारांश सेकंदांत होतं, त्याला.

तासाभराच्या सरासरीत हे दिसणारही नाही. वापरणाऱ्याला मात्र जाणवतं, कारण आजचं एक पान उघडायला अनेक ठिकाणांहून तुकडे मागवावे लागतात आणि सर्वांत उशिरा येणारा तुकडा येईपर्यंत पान अपुरं असतं. शंभर तुकडे लागतात आणि प्रत्येकाला उशीर होण्याची शक्यता फक्त १ टक्का आहे असं धरा. किमान एका तुकड्याला उशीर होण्याची शक्यता निघते ६३ टक्के. म्हणून सरासरी विलंबापेक्षा हजारातल्या सर्वांत वाईट दहांचा आणि एकाचा विलंब किती, हे विचारायला हवं. अहवालात फक्त सरासरी दिली असेल तर तो अर्धवट आहे, असं मी स्पष्टच म्हणेन.

## मग खरी रहदारी आणायची कुठून

सरळ मार्ग म्हणजे खऱ्या नेटवर्कवर नोंदवलेली रहदारी पुन्हा वाजवायची. अशा नोंदींना ट्रेस म्हणतात. जपानमधला वाइड प्रकल्प कित्येक वर्षं आपल्या आंतरराष्ट्रीय दुव्यावरची रोजची पंधरा मिनिटं प्रसिद्ध करत आला आहे. अमेरिकेतल्या कायडा या संस्थेनेही मोठ्या दुव्यांवरच्या नोंदी संशोधकांसाठी खुल्या केल्या. लोकांची खाजगी माहिती उघड होऊ नये म्हणून पत्ते बदललेले असतात आणि पॅकेटांतला मजकूर काढून टाकलेला असतो. हे योग्यच आहे. त्याची किंमत अशी की पत्त्यांवर आधारित नियम तपासताना मूळ रचना किती शिल्लक राहिली आहे, हे आधी पाहावं लागतं.

खरी अडचण आणखी खोल आहे. इंटरनेटवरची बरीचशी रहदारी टीसीपी या शिष्टाचाराने चालते, आणि टीसीपी समोरच्याचं ऐकून बोलतो. पोच वेळेवर आली तर वेग वाढवतो, पॅकेट हरवलं तर आवरतं घेतो. ट्रेस म्हणजे फोनवरच्या संभाषणातली एका बाजूची ध्वनिफीत. ती नव्या नेटवर्कवर वाजवली आणि नेटवर्क तुंबलं, तरी ध्वनिफीत आपल्याच लयीत बोलत राहते. खरा माणूस असता तर थांबला असता, 'हॅलो, हॅलो' म्हणाला असता. त्यामुळे ट्रेस जशाचा तसा वाजवला तर निकाल कधी वास्तवापेक्षा वाईट येतो, तर कधी उगीच चांगला.

यावर उतारा म्हणजे ट्रेसमधून पॅकेटं न उचलता फ्लो उचलायचे: कोणता फ्लो कधी सुरू झाला आणि किती बाइटचा होता. मग त्या वेळी, तेवढ्या आकाराचा, खराखुरा टीसीपी फ्लो चाचणीच्या नेटवर्कवर सुरू करायचा. वेग किती ठेवायचा, हे त्याचं तो ठरवेल. मला ही पद्धत सर्वांत पटते. थोडी जास्त मेहनत लागते, पण नेटवर्क आणि रहदारी एकमेकांना उत्तर देतात, आणि तपासायचं असतं ते नेमकं हेच.

## लॅपटॉपवरच्या नेटवर्कवर किती भरवसा ठेवावा

२०१० साली स्टॅनफर्डमधूनच आलेल्या मिनिनेट या साधनाने एक मोठी सोय केली. एका लॅपटॉपवर शेकडो स्विचांचं नेटवर्क उभं करता येतं, खरा कंट्रोलर त्याला जोडता येतो, आणि सगळं फुकट. आज या विषयात शिकणारा जवळजवळ प्रत्येकजण इथूनच सुरुवात करतो.

मीही तशीच केली होती. तीन दिवस खपून मी दोन कंट्रोलरांची तुलना केली आणि एका ठरावीक भारानंतर दोघांचाही वेग एकाच बिंदूला कोसळतो असा सुंदर आलेख मिळाला. त्याचं स्पष्टीकरण शोधण्यात आठवडा गेला. शेवटी लक्षात आलं की त्या बिंदूला माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर शंभर टक्के भरत होता. स्विच, संगणक, रहदारी बनवणारं साधन आणि कंट्रोलर, चौघंही एकाच प्रोसेसरवर वेळ वाटून घेत होते. आलेख कंट्रोलरचा नव्हता, लॅपटॉपचा होता. तेव्हापासून चाचणीच्या आलेखाशेजारी प्रोसेसरच्या भाराचा आलेख नसेल तर मी निकाल वाचत नाही.

मिनिनेट वाईट आहे असा याचा अर्थ नाही. नियम बरोबर आहेत का, दुवा तुटल्यावर मार्ग बदलतो का, हे तपासायला ते उत्तम आहे. वेगाचा अंतिम आकडा त्यावरून सांगू नये. कंट्रोलर वेगळ्या यंत्रावर, रहदारी वेगळ्या यंत्रावर आणि शक्य असेल तिथे खरा स्विच, एवढं तरी पथ्य पाळावं.

## 'पण आता पहिलं पॅकेट कंट्रोलरकडे पाठवतं कोण?'

जाणकार वाचकाची ही हरकत रास्त आहे. मोठ्या नेटवर्कांमध्ये आज नियम आधीच भरून ठेवतात. दर फ्लोला वेगळा नियम करण्याऐवजी मोठ्या गटांसाठी मोजके नियम असतात, आणि नवा फ्लो आला तरी मेंदूला विचारावं लागत नाही. बी४ची रचनाही अशीच एकगठ्ठा रहदारीवर बेतलेली आहे. मग उंदरांची एवढी धास्ती कशाला?

कारण पायवाट नाहीशी झालेली नसते, तिची जागा बदललेली असते. हार्डवेअर स्विचमध्ये बारकाईचे नियम एका खास, महागड्या आणि वीज खाणाऱ्या मेमरीत ठेवतात, आणि तिथे जागा बेताचीच असते. २०११च्या त्या एचपी स्विचमध्ये असे सुमारे १,५०० नियम मावत. नियम गटांचे करावेत तर जागा पुरते, पण बारीक नियंत्रण जातं. बारीक करावेत तर जागा संपते. हा तोल कुठे राखायचा, ते रहदारीत किती वेगवेगळे पत्ते आहेत त्यावर अवलंबून असतं.

क्लाउडमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा ओपन व्हीस्विच घ्या. तो सॉफ्टवेअरचा स्विच आहे. त्याच्या आतच एक मंद, सविस्तर विचार करणारा भाग आहे आणि एक वेगवान भाग, जो आधीची उत्तरं लक्षात ठेवतो. नव्या तऱ्हेचं पॅकेट आलं की ते आधी मंद भागाकडे जातं. कंट्रोलरला कोणी विचारलं नाही, तरी पहिल्या पॅकेटाची गोष्ट पुन्हा तीच झाली. एकाच जोडणीवर सलग डेटा ओतला तर हा मंद भाग चाचणीत कधीच दिसत नाही. हजारो पत्त्यांचे चिमुकले फ्लो सोडले की लगेच दिसतो. हल्लेखोरांना हे ठाऊक असतं, म्हणून मुद्दाम दर पॅकेटाला नवा पत्ता घालून मेंदूला दमवण्याचे हल्ले केले जातात.

आणखी एक खाच आहे. कंट्रोलरने नियम पाठवल्यावर स्विच 'झालं' अशी पोच देतो. प्रत्यक्ष मोजमापांत असं आढळलं आहे की काही स्विच नियम चिपमध्ये उतरण्याआधीच पोच देऊन मोकळे होतात. रहदारी तुरळक असेल तर हा मधला काळ कोणाच्या लक्षातही येत नाही. दाट असेल तर तेवढ्यात हजारो पॅकेटं जुन्या वाटेने जातात किंवा हरवतात.

आणि मेंदूच गप्प झाला तर? २ जून २०१९ रोजी गूगल क्लाउडमध्ये हे घडलं. देखभालीच्या एका स्वयंचलित कामात चुकून नेटवर्कचं नियंत्रण करणारी सॉफ्टवेअर अनेक ठिकाणी एकाच वेळी बंद झाली. मेंदू गेला तरी हातांनी जुन्या नियमांवर काही मिनिटं काम करत राहावं अशी सोय केलेली होती, आणि हात तसे चाललेही. ती मुदत संपल्यावर ठिकाणाठिकाणांमधले मार्ग मागे घेतले गेले, क्षमता घटली, आणि अमेरिकेतल्या अनेक भागांत सव्वातीन ते जवळपास साडेचार तास कोंडी झाली. दुरुस्तीसाठी अभियंत्यांना जी साधनं लागत होती, तीही त्याच कोंडीत अडकली. रिकाम्या नेटवर्कवर मेंदू बंद करून पाहिला असता तर यातलं फारसं काही दिसलं नसतं. कोंडी व्हायला खरी रहदारी लागते.

## 'यंत्रं वेगवान होतील, प्रश्न आपोआप सुटेल'

थोडाफार सुटेल. पण रहदारीही वाढतेच, आणि एक मर्यादा कोणत्याही कारखान्यात ओलांडता येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. कंट्रोलर हजार किलोमीटर दूर असेल तर प्रश्न जाऊन उत्तर यायला किमान १० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात १० गिगाबिटच्या तारेवरून सव्वा कोटी बाइट येऊन ठेपलेले असतात. कंट्रोलर कितीही हुशार असला तरी तो कुठे बसवायचा, हा प्रश्न उरतोच.

## 'मग जुनी पद्धतच बरी का?'

मुळीच नाही, आणि या लेखाचा कोणी तसा अर्थ काढू नये. जुन्या पद्धतीच्या दूर पल्ल्याच्या दुव्यांवर अचानक येणाऱ्या भाराची तजवीज म्हणून क्षमतेच्या ३० ते ४० टक्केच सरासरी वापर ठेवण्याची रीत होती. बी४ने आपले अनेक दुवे जवळजवळ १०० टक्क्यांपर्यंत वापरून दाखवले. कारण एकाच मेंदूला सगळं नेटवर्क दिसत होतं, आणि कोणतं काम थोडं थांबू शकतं हेही त्याला ठाऊक होतं. समुद्राखालच्या महागड्या तारांचा वापर दुपटीने वाढणं ही फार मोठी गोष्ट आहे.

पण त्या यशाचं अर्धं श्रेय रहदारीला आहे. आपल्याच डेटा सेंटरांमधली, बरीचशी आधी ठाऊक असलेली, गरजेप्रमाणे मागे ठेवता येणारी ती रहदारी होती. ज्यांच्या नेटवर्कवर कोट्यवधी अनोळखी लोक हवं ते हवं तेव्हा उघडतात, त्यांनी तोच आकडा आपल्याला मिळेल असं धरून चालू नये. त्यांना आपल्या रहदारीवर मोजावं लागेल, आणि जुन्या पद्धतीलाही त्याच रहदारीवर मोजून शेजारी ठेवावं लागेल.

## अहवाल हातात आला तर कुठे पाहावं

इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्या आयईटीएफने २०१८मध्ये आरएफसी ८४५६ या दस्तऐवजात कंट्रोलर कसा मोजावा याची पद्धत घालून दिली आहे. नवा स्विच ओळखायला किती वेळ, नियम पाठवायला किती, सेकंदाला किती विनंत्या, बिघाडातून सावरायला किती, हे सगळं त्यात आहे. ती पाळली असेल तर दोन कंट्रोलरांची तुलना न्याय्य होते. मात्र ती मेंदूची परीक्षा आहे. मेंदू, हात आणि रहदारी यांच्या एकत्र संसाराची परीक्षा वेगळी घ्यावी लागते.

मी अहवाल उघडतो तेव्हा पहिल्यांदा फ्लोंच्या आकारांचा तक्ता शोधतो. मग सेकंदाला नवे फ्लो किती होते ते. त्यानंतर विलंबाचा आलेख पाहतो आणि त्यात सर्वांत वाईट एक टक्का दाखवला आहे का हे तपासतो. भार वाढवत नेऊन नेटवर्क मोडेपर्यंत चाचणी केली असेल, तर तो अहवाल मी सावकाश, मन लावून वाचतो. कारण कुठे मोडलं हे सांगणाऱ्याने तिथवर जाण्याची तयारी दाखवलेली असते. आणि ऐन गर्दीत, उंदीर-हत्ती दोघंही धावत असताना, कोणी कंट्रोलरची तार उपटून पाहिली असेल, तर ते पान मी सगळ्यात आधी उघडतो.